गटाराला मीटर नाही, मग बिल कशाचं?

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिनला मुलीकडे राहायला होतो. तिथं बिल येतं त्यात पाण्याची रक्कम वेगळी आणि सांडपाण्याची वेगळी. सांडपाण्याचीच जास्त! नळाला मीटर आहे, गटाराला तर काहीच नाही. जावई म्हणाले, इथं हिवाळ्यातल्या पाण्यावरून वर्षभराचं सांडपाणी ठरवतात, तेव्हा तुम्ही आल्यामुळे आमची सरासरी वाढणार. ते गमतीनं म्हणाले की खरंच तसं असतं? आणि घरातून किती मैलापाणी गेलं हे न मोजता त्याचा खर्च घराघरावर वाटतात तरी कसा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जावई गमतीनं म्हणाले असतील, पण म्हणाले ते खरं. ऑस्टिनमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतची तीन बिलं धरतात, त्यांतल्या पाणीवापराची सरासरी काढतात आणि पुढं वर्षभर ती सरासरी हीच सांडपाण्याची कमाल मर्यादा मानतात. एखाद्या महिन्यात त्याहून कमी पाणी वापरलं तर सांडपाणीही तेवढंच धरतात. जास्त वापरलं तर सरासरीपुरतंच. टेक्सासच्या उन्हाळ्यात घरापुढच्या हिरवळीला भरपूर पाणी लागतं. ते जमिनीत मुरतं, हवेत उडून जातं, गटारात जात नाही. मग त्याचा मैलापाण्याचा आकार कशाला द्यायचा? हिवाळ्यात हिरवळीला पाणी जवळजवळ लागत नाही. नळातून येतं ते न्हाणीघर, संडास, स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीनमधून थेट ड्रेनेजमध्ये जातं. तेवढे महिने पाण्याचा मीटर हाच गटाराचा मीटर. त्या काळात घरात दोन माणसं वाढली की आंघोळी वाढतात, कपडे आणि भांडी वाढतात, सरासरी वर जाते.

प्रत्येक घराच्या गटाराला मीटर का बसवत नाहीत, हेही सांगायला हवं. नळाचं पाणी दाबाखाली, पाइप पूर्ण भरून वाहतं आणि स्वच्छ असतं; मोजायला सोपं. घराबाहेर पडणारं मैलापाणी उतारावरून, पाइपाच्या तळाशी पातळ थरानं, थांबत थांबत जातं. त्यात केस असतात, चिंध्या असतात, तेला-तुपाचे थर असतात. असा मीटर घरोघरी बसवायचा आणि चालू ठेवायचा तर त्याचाच खर्च बिलात मोठा होऊन बसेल. मोठ्या कारखान्यांच्या चेंबरवर अशी मोजणी करतात. घरांच्या बाबतीत पाण्याच्या मीटरवर भागवतात.

पण हे झालं माप. तुमचा खरा प्रश्न वाटणीचा आहे आणि त्यातच सगळी गोम आहे.

आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीची सर्वसाधारण सभा डोळ्यांसमोर आणा. खर्च एकच सोसायटीचा, पण आदर्श उपविधी प्रत्येक खर्चाला वेगळा न्याय लावतात. सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं. पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर आणि आकारावर. सिंकिंग फंड बांधकामाच्या खर्चाच्या टक्केवारीनं. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना समान, मग कुणी लिफ्टमध्ये पाऊल टाको न टाको. आणि तळमजल्यावरचे सभासद दर वर्षी त्यावर बोलायला उठतात. चार खर्च, चार वाटण्या. ज्या कारणानं खर्च झाला त्या कारणाच्या मापानं तो वाटायचा, आणि कारण सापडत नसेल तिथं सगळ्यांनी मिळून काहीतरी ठरवायचं. मैलापाण्याचे दर ठरवणारे नेमकं हेच करतात, फक्त त्यांचा कारखाना जमिनीखाली असतो आणि सभासद लाखांत असतात.

सुरुवात होते वर्षाच्या एकूण खर्चापासून. पगार, वीज, रसायनं, दुरुस्ती, कर्जरोख्यांचं मुद्दल आणि व्याज, नव्या कामांसाठी बाजूला काढायची रक्कम. यातून इतर उत्पन्न वजा केलं की दरांमधून किती पैसे उभे करायचे ते कळतं. मग ही रक्कम कामाप्रमाणे पाडतात : गल्लीतल्या वाहिन्या, उदंचन केंद्रं, प्रक्रिया केंद्र, गाळाची विल्हेवाट, बिलं काढणं. इथपर्यंत हिशेबनिसाचं काम. पुढचा टप्पा अभियंत्याचा आहे, आणि मला तो सगळ्यात सुंदर वाटतो. केंद्रातल्या प्रत्येक टाकीला, प्रत्येक यंत्राला एकच प्रश्न विचारायचा : तुला एवढं मोठं कशासाठी बांधलं?

उदंचन केंद्राचा पंप म्हणतो, पाणी किती येतं त्यासाठी. पाणी घाण आहे की गढूळ, याच्याशी मला कर्तव्य नाही. म्हणजे तो खर्च ‘प्रवाहा’चा. वाहिनीची रुंदी तर रोजच्या सरासरीवर नसतेच, सकाळच्या गर्दीच्या तासाला किंवा पावसाच्या दिवशी येणाऱ्या लोंढ्यावर असते. तिचा हिशेब कमाल प्रवाहाचा. पुढं वायुवीजनाची टाकी. तिथं ब्लोअर रात्रंदिवस हवा फुंकत असतात, कारण मैला खाणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो. पाण्यात जितकं सेंद्रिय द्रव्य जास्त, तितकी हवा जास्त, तितकी वीज जास्त. केंद्राच्या एकूण विजेतली निम्मी किंवा त्याहूनही अधिक वीज अनेकदा एकट्या या कामाला जाते. तो खर्च ‘बीओडी’चा, म्हणजे जैविक प्राणवायू मागणीचा. खाली बसणारा गाळ उपसणं, कुजवणं, पिळून कोरडा करणं, ट्रकनं नेणं, हा खर्च मुख्यतः पाण्यातल्या तरंगत्या घनकणांचा. आणि बिल छापणं, मीटर वाचणं, तक्रार ऐकणं यांचा पाण्याशी काही संबंध नाही. तो माणशी, म्हणजे ग्राहकागणिक खर्च. अलीकडे नदी-सरोवरांत शेवाळ माजू नये म्हणून नायट्रोजन आणि फॉस्फरस काढावे लागतात, तिथं त्यांचेही वेगळे रकाने होतात.

एका काल्पनिक गावाचा हिशेब करून पाहू, म्हणजे गोष्ट डोळ्यांपुढं राहील. समजा गावात १०,००० ग्राहक, वर्षाला २० लाख घनमीटर मैलापाणी. त्यात दर घनमीटरला पाव किलो बीओडी आणि पाव किलो घनकण, म्हणजे दोन्ही पाच-पाच लाख किलो. खर्चाची पाडणी अशी निघाली : प्रवाहाचे २० लाख डॉलर, बीओडीचे १० लाख, घनकणांचे १० लाख, ग्राहकसेवेचे २ लाख. आता भागाकार करा. घनमीटरला १ डॉलर, बीओडीच्या किलोला २, घनकणांच्या किलोला २, ग्राहकामागं वर्षाला २०. एका घरानं वर्षाला २०० घनमीटर पाणी सोडलं आणि ते सरासरीएवढंच मळकट होतं, तर त्याचे २०० अधिक १०० अधिक १०० अधिक २०, असे ४२० डॉलर झाले. शेजारच्या बेकरीनंही बरोबर २०० घनमीटरच सोडले, पण तिच्या पाण्यात मैदा, साखर, लोणी. घनमीटरला एक किलो बीओडी आणि ६०० ग्रॅम घनकण धरले तर तिचं बिल होतं ८६० डॉलर. पाणी तेवढंच, आकार दुप्पट. बेकरीला वाटेल आपल्यावर अन्याय झाला. पण हा फरक तिनं दिला नाही तर तो शेजारच्या घरांनी दिलेला असतो, त्यांना न सांगता.

म्हणून बहुतेक शहरं ग्राहकांचे वर्ग करतात. घरगुती पाण्याची बीओडी साधारण लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. तेवढ्यापर्यंत सगळ्यांना एक दर. उपाहारगृहं, बेकऱ्या, मांस आणि दुधावर प्रक्रिया करणारे कारखाने, दारूच्या भट्ट्या यांना मर्यादेवरच्या प्रत्येक किलोमागं अधिभार. तपासनीस कारखान्याच्या चेंबरमधून नमुना घेतात, शक्यतो एकाच वेळचा नाही, तर दिवसभर थोडाथोडा गोळा केलेला, कारण टाक्या धुण्याची वेळ कारखान्याला ठाऊक असते. इंग्लंडमध्ये याच तत्त्वावरचं सूत्र ‘मॉग्डन सूत्र’ म्हणून ओळखलं जातं; पश्चिम लंडनमधल्या प्रक्रिया केंद्राचं ते नाव. पाणी स्वीकारण्याचा खर्च, घनमानाचा, जैविक प्रक्रियेचा आणि गाळाचा, असे त्यात चार हिस्से. आपल्या औद्योगिक वसाहतींमधल्या अनेक सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतही सभासद कारखान्यांकडून घनमान आणि सीओडी, म्हणजे रासायनिक प्राणवायू मागणी, पाहून पैसे घेतात. तेव्हा ही रीत आपल्याला परकी नाही. ती फक्त घरापर्यंत आलेली नाही.

मुंबईतल्या मीटरच्या पाणीबिलात मलनिःसारण आकार हा पाणी आकाराच्या ठरावीक टक्के असतो, आणि मालमत्ता कराच्या बिलात मलनिःसारण लाभ कराची ओळ वेगळी असते. मोठं हॉटेल जास्त भरतं, पण ते त्याच्या तेलकट पाण्यामुळे नव्हे, तर व्यावसायिक पाण्याचा दरच चढा असल्यामुळे. ही पद्धत सोपी आणि स्वस्त आहे, पण कुणाच्या मैल्याला किती खर्च येतो हे ती सांगत नाही. ते सांगण्याचा तिचा दावाही नाही.

अमेरिकेत हा दावा करावाच लागतो, त्याला कारण आहे. १९७२च्या स्वच्छ पाणी कायद्यानं तिथल्या केंद्र सरकारनं मैलापाणी केंद्रं बांधायला ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान देऊ केलं, आणि अट घातली की केंद्र चालवण्याचा खर्च प्रत्येक वापरकर्त्यानं आपल्या वाट्याच्या प्रमाणात उचलला पाहिजे. त्याआधी अनेक गावांत हा खर्च मालमत्ता करातून भागवला जाई; मैला भरपूर आणि इमारत साधी अशा कारखान्याला ते फार सोयीचं होतं. अनुदान हवं तर मापं आणा, असं म्हटल्यावर गावोगाव मापं आली. कॅलिफोर्नियात तर १९९६च्या २१८ क्रमांकाच्या प्रस्तावानं मतदारांनीच राज्यघटनेत लिहून ठेवलं की एखाद्या मिळकतीकडून तिच्या सेवेच्या खर्चाच्या प्रमाणाबाहेर आकार घेता येणार नाही. दर वाढवायचे तर ४५ दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते, आणि निम्म्याहून जास्त मिळकतींनी लेखी हरकत घेतली तर दरवाढ रद्द होते.

आता अवघड भाग. इथवरच्या हिशेबात प्रत्येक थेंबाला मालक होता. प्रत्यक्षात वाहिनीतून जे वाहतं त्यातला मोठा भाग कुणाचाच नसतो. जुन्या पाइपांच्या सांध्यांतून भूजल झिरपतं, पावसाचं पाणी चेंबरच्या झाकणांतून, चुकीनं जोडलेल्या छताच्या पन्हाळ्यांतून आत शिरतं. हे पाणी कुणाच्या मीटरवर येत नाही, पण पंपाला आणि टाकीला ते वाहून न्यावंच लागतं. वाहिन्या आणि टाक्या मोठ्या बांधाव्या लागतात त्या बऱ्याचदा याच्यासाठी. हा खर्च कुणावर टाकायचा? घनमानाप्रमाणे वाटला तर जास्त पाणी वापरणाऱ्यावर जातो, पण त्याच्या नळाचा आणि पावसाचा काय संबंध? जोडणीगणिक वाटला तर एका खोलीत राहणारी म्हातारी आणि मोठा बंगला सारखेच. मिळकतीच्या किमतीवर वाटला तर तो कर झाला. दर ठरवणारे सहसा थोडा जोडण्यांवर आणि थोडा घनमानावर टाकतात. त्या ‘थोडा’ला गणितात पुरावा नसतो, असतो तो निर्णय.

या एका प्रश्नावर मिलवॉकी शहर आणि त्याची उपनगरं वर्षानुवर्षं भांडली. मिशिगन सरोवराच्या काठचं हे बीअरचं शहर. पॅब्स्ट, श्लिट्झ, मिलर हे सगळे इथले. मैलापाण्यातही जुनं नाव : १९२०च्या दशकात जोन्स बेटावर उभं राहिलेलं केंद्र हे सक्रिय गाळाच्या, म्हणजे हवा फुंकून जिवाणूंकडून मैला खाववण्याच्या, पद्धतीनं मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या जगातल्या पहिल्या काही केंद्रांपैकी, आणि त्या गाळाचं वाळवलेलं खत ‘मिलोर्गनाइट’ नावानं १९२६पासून विकलं जातं. पण पाऊस झाला की जुन्या वाहिन्या ओसंडून मैला सरोवरात जाई. शेजारच्या इलिनॉय राज्यानं मिलवॉकीला कोर्टात खेचलं. १९७२ साली प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढं आलं. पुढं १९७७पासून तीन अब्ज डॉलरच्या आसपास खर्चाचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. त्यातलं मोठं काम म्हणजे जमिनीखाली सुमारे ३०० फुटांवर खडकात खोदलेले बोगदे. पावसाचा लोंढा त्यांत साठवायचा आणि पाऊस ओसरला की उपसून केंद्रात न्यायचा. हे बोगदे १९९०च्या दशकात चालू झाले.

रोज केंद्र चालवण्याच्या खर्चाबद्दल वाद नव्हता. तो वापरावर वाटायचा, हे मान्य होतं. वाद बांधकामाच्या पैशांचा. मलनिःसारण जिल्ह्यानं, म्हणजे शहर आणि उपनगरं दोघांचं मैलापाणी हाताळणाऱ्या संस्थेनं, तो मिळकतींच्या किमतीवर वाटला. उपनगरं म्हणाली, आमची घरं महाग आहेत म्हणून आमचा मैला जास्त नाही, वापराप्रमाणे घ्या. त्यांनी पैसे अडवले, प्रकरणं कोर्टात गेली, स्थानिक वर्तमानपत्रं त्याला ‘गटारयुद्ध’ म्हणू लागली. १९९६ साली तडजोड झाली आणि उपनगरांनी सुमारे १४ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. बांधकामाचा खर्च मिळकतीच्या किमतीवर, ही रीत टिकली.

मला विचाराल तर यात जिल्ह्याची बाजू मला जास्त पटते. बोगदा संडासाच्या पाण्यासाठी खोदलेला नाही, पावसासाठी आणि सरोवरासाठी खोदलेला आहे. उपनगरांच्या वाहिन्या पावसाच्या वाहिन्यांपासून वेगळ्या असल्या तरी त्यांच्या सांध्यांतूनही पाऊस आत येतोच. आणि स्वच्छ सरोवराकाठच्या मिळकतीची किंमत टिकते, तो लाभ मिळकतीचाच. पाण्याच्या मीटरवर हा खर्च टाकला असता तर भाड्याच्या घरात दाटीनं राहणाऱ्या कुटुंबांनी महागड्या उपनगरांचा पाऊस वाहिला असता. उपनगरांचं म्हणणं खोटं होतं असं नाही. वापराप्रमाणे वाटणी हे चांगलं तत्त्व आहे, पण ज्या खर्चाचं कारण वापर नाही त्याला ते लावता येत नाही.

बीअरच्या कारखान्यांवरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. श्लिट्झची मिलवॉकीतली भट्टी १९८१ साली बंद झाली, पॅब्स्टची १९९६ साली. असा मोठा ग्राहक गेला की बीओडी घटते, विजेचं बिल थोडं उतरतं. पण त्याच्यासाठी बांधलेली टाकी तिथंच राहते आणि कर्जाचा हप्ताही. भागाकारातला छेद लहान झाला, अंश जवळजवळ तेवढाच. उरलेल्यांचा दर चढतो. घरोघरी पाणी वाचवणारे संडास आले की हेच होतं. लोक म्हणतात, आम्ही पाणी वाचवलं आणि दर वाढवले! तक्रार खरी आहे. जमिनीखालचा पाइप पन्नास-शंभर वर्षांसाठी पुरलेला असतो. तुम्ही आज किती बादल्या ओतल्या यानं त्याचा खर्च हलत नाही.

म्हणून दर ठरवणाऱ्यांना स्थिर आकार वाढवावासा वाटतो : महिन्याला ठरलेली रक्कम, मग पाणी वापरा अथवा नका वापरू. हिशेबाच्या दृष्टीनं ते चोख आहे. पण स्थिर आकार वाढला की एकट्या राहणाऱ्या, थोडं पाणी वापरणाऱ्या माणसाचं बिल सगळ्यात जास्त टक्क्यांनी वाढतं, आणि बचत करून ते कमी करण्याची वाट बंद होते. कागदावर खर्चाला चिकटून राहणारा दर घरात निष्ठुर होऊ शकतो. अशा वेळी गरीब कुटुंबांना सवलतीचा वेगळा दर ठेवावा आणि ती रक्कम कुठून येते हे उघड सांगावं, असं माझं मत आहे.

पावसाच्या पाण्याचा खर्च वेगळा काढण्याची आणखी एक वाट फिलाडेल्फियानं धरली. तिथं हा खर्च पूर्वी पाण्याच्या मीटरच्या आकारावरून घेत. मग मोठ्या मोटारतळाला नळच नसल्यानं तो काहीच देत नसे, आणि त्याच्या डांबरावरून वाहून येणारं सगळं पाणी शहराच्या वाहिनीत. २०१०पासून बिगरनिवासी मिळकतींना टप्प्याटप्प्यानं नवं माप लावलं : आकाराचा ८० टक्के भाग पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागावर, २० टक्के भाग एकूण क्षेत्रफळावर. पाणी मुरवायची सोय केली तर सूट. मोटारतळांना पहिल्यांदा बिलं आली, आणि काही उंच, पण थोड्या जागेवर उभ्या इमारतींची बिलं उतरली. माप बदललं आणि त्याबरोबर पैसे देणारा बदलला.

आता तुमच्या मुलीपुरतं. नोव्हेंबरच्या मध्याआधी घरातले नळ आणि फ्लश टाक्या तपासून घ्याव्यात. फ्लशच्या टाकीतून आवाज न करता वाहणारं पाणी हिवाळ्यात सापडलं नाही तर ते वर्षभर सरासरीत बसतं. टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाकून पंधरा-वीस मिनिटं थांबावं. भांड्यात रंग उतरला तर झडप गळते आहे. बागेचं स्वयंचलित पाणी त्या महिन्यांत बंद ठेवावं. तुम्ही पुन्हा जाल तेव्हा एप्रिलनंतर गेलात तर जावयांच्या सरासरीला धक्का लागणार नाही, आणि हिवाळ्यातच जायचं असेल तर जरूर जा, दोन माणसांच्या आंघोळीनं काही कुणी बुडत नाही. राहिला वाटणीचा प्रश्न. दर बदलायची वेळ आली की शहर सेवाखर्चाचा अभ्यास मांडतं आणि जनसुनावणी होते. मुलीनं किंवा जावयांनी तिथं एक गोष्ट विचारावी : वाहिन्यांत झिरपणाऱ्या आणि पावसाच्या पाण्याचा खर्च जोडण्यांवर किती टाकला आणि घनमानावर किती, आणि तो आकडा कुणी, कशावरून ठरवला. पहिल्या भागाचं उत्तर अहवालातल्या तक्त्यात सापडेल. दुसऱ्या भागासाठी सुनावणीत उभं राहावं लागेल.